वॉशिंग्टनचा पैसा, गावाची शाळा

आपल्यापैकी बहुतेकांनी या देशात घर घेताना आधी शाळा पाहिली आणि मग घर पाहिले. एजंटबाई कौतुकाने स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा दाखवत असतात आणि आपले सगळे लक्ष स्कूल डिस्ट्रिक्टच्या रेटिंगकडे. पुढे मुले अकरावी-बारावीला पोचली की घरात दुसरा विषय सुरू होतो : फाफ्सा भरला का, इन-स्टेट फी किती, लोन कोणाच्या नावावर काढायचे. हे दोन्ही विषय एकाच मुळातून निघाले आहेत. ते मूळ म्हणजे, अमेरिकेच्या राज्यघटनेत 'शिक्षण' हा शब्दच नाही. घटनेत जे केंद्राला दिलेले नाही ते राज्यांचे, असे दहावी दुरुस्ती सांगते. त्यामुळे शाळा राज्यांकडे गेल्या आणि राज्यांनी त्या गावांकडे सोपवल्या. आपल्याकडे बालभारतीचे एकच पुस्तक गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत चालते. इथे कित्येक राज्यांत शेजारशेजारच्या दोन गावांचीही पुस्तके वेगळी असतात. लष्करी तळांवरच्या आणि मूळ रहिवाशांसाठीच्या काही शाळा सोडल्या तर वॉशिंग्टनच्या सरकारची स्वतःची म्हणावी अशी शाळा नाही.

ज्याची शाळाच नाही त्या सरकारने शाळा सुधारायच्या तरी कशा? त्याच्या हातात दोनच साधने : पैसा आणि त्या पैशाबरोबर घातलेली अट. गेल्या दीडशे वर्षांचा या बाबतीतला इतिहास या दोन साधनांचाच आहे. आणि त्यातली काही पाने आपल्या मराठी माणसांच्या इथल्या येण्याशी जोडलेली आहेत.

सुरुवातीला पैसाही नव्हता; होती ती जमीन. यादवी युद्ध ऐन भरात असताना, २ जुलै १८६२ रोजी लिंकनने मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला त्याच्या काँग्रेसमधल्या दर सदस्यामागे ३०,००० एकर जमीन द्यायची, ती विकून राज्याने शेती आणि यंत्रविद्या शिकवणारे कॉलेज काढायचे, अशी ती योजना. परड्यू, आयोवा स्टेट, मिशिगन स्टेट, टेक्सस ए अँड एम अशी कितीतरी नावे यातूनच पुढे आली. सरकारने उदार हाताने वाटलेली ही सुमारे एक कोटी एकर जमीन मुळात इथल्या आदिवासी जमातींकडून घेतलेली होती, हेही विसरून चालणार नाही. या 'लँड ग्रँट' कॉलेजांचा लाभ आपल्याला फार लवकर झाला. गदर चळवळीतले आणि पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले डॉ. पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या आरंभी ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या अशाच कॉलेजांत शेतकी शिकले. त्यानंतर अर्ध्या शतकाने आपली इंजिनिअर मंडळी ज्या कॅन्सस, ओक्लाहोमा, इंडियानाच्या आडगावी जाऊन पोचली, तिथली विद्यापीठेही बहुतेक याच घराण्यातली.

विद्यार्थ्याच्या हातात थेट पैसा ठेवण्याची कल्पना मात्र दुसऱ्या महायुद्धातून आली. लढाईवरून परतणाऱ्या दीड कोटी जवानांना एकदम काम कुठून द्यायचे, ही रूझवेल्टला धास्ती होती. २२ जून १९४४ रोजी सही झालेल्या जी. आय. बिलाने त्यांना कॉलेजची दारे उघडली : वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि एकट्या माणसाला महिना ५० डॉलर खर्चाला. ५०० डॉलर म्हणजे त्या काळात हार्वर्डची फीसुद्धा त्यात बसे. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष हचिन्स यांना ही योजना मुळीच पसंत नव्हती. कॉलेजांचे धर्मशाळेत रूपांतर होईल अशा अर्थाची टीका त्यांनी केली. झाले उलटेच. १९४७ साली कॉलेजांतला जवळजवळ निम्मा विद्यार्थी माजी सैनिक होता, आणि प्राध्यापक सांगत की अभ्यासाला हीच मंडळी जास्त पक्की. एकूण सुमारे २२ लाख जण या कायद्याखाली कॉलेजात गेले. अर्थात दक्षिणेतल्या काळ्या सैनिकाच्या हातात कागद तोच असला तरी त्याला प्रवेश देणारी कॉलेजे मोजकी आणि भरलेली. कायदा समान होता, दार समान नव्हते.

मग आला स्पुटनिक. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला आणि आपली शाळकरी मुले गणितात मागे पडली, अशी हाकाटी अमेरिकेत सुरू झाली. (ही हाकाटी त्यानंतर दर पंधरा-वीस वर्षांनी होत आलेली आहे. रशियाच्या जागी कधी जपान येतो, कधी चीन.) वर्षभराच्या आत, सप्टेंबर १९५८ मध्ये, आयझेनहॉवरने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. नावातला 'संरक्षण' हा शब्द मुद्दाम घातलेला; त्याशिवाय दक्षिणेतले आणि काटकसरवादी सदस्य शिक्षणासाठी केंद्राचा पैसा मंजूर करीनात. या कायद्याने विद्यार्थ्यांना कमी व्याजाची कर्जे मिळू लागली, विज्ञान-गणिताच्या प्रयोगशाळा झाल्या, आणि परकीय भाषा शिकवणाऱ्या विद्यापीठ विभागांना अनुदान मिळू लागले. त्या भाषांत दक्षिण आशियातल्याही होत्या. पेनसिल्व्हेनिया आणि शिकागो विद्यापीठांतले दक्षिण आशिया विभाग या पैशावर वाढले. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर झेलियट पेनसिल्व्हेनियाच्याच, आणि पुढे फलटणला कायमच्या स्थायिक होऊन तिथे शाळा काढणाऱ्या मॅक्सिन बर्नसनही तिथल्याच. बर्नसन आणि जाई निंबकर यांचे मराठी व्याकरण १९७५ साली याच विभागाने प्रसिद्ध केले. रशियाने उपग्रह सोडला म्हणून अमेरिकेत मराठी व्याकरणाला बळ मिळाले, असे म्हटले तर हसू येईल, पण त्यात तथ्य आहे.

आता १९६५. या वर्षापाशी थोडे थांबायला हवे.

लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष होण्याच्या पस्तीस वर्षे आधी टेक्ससमधल्या कोटुला गावी मास्तर होते. १९२८-२९ मध्ये तिथल्या मेक्सिकन मुलांच्या शाळेत त्यांनी शिकवले. मुले उपाशीपोटी शाळेत येत, हे त्यांनी जवळून पाहिलेले होते. हा माणूस राजकारणात अत्यंत धूर्त, प्रसंगी निर्दय. पण शाळेच्या बाबतीत त्याची कळकळ खरी होती असे माझे मत आहे. १९६४ च्या निवडणुकीत प्रचंड बहुमत मिळाल्यावर त्यांनी जानेवारीत शाळांचे विधेयक मांडले आणि तीन महिन्यांत ते मंजूर करून घेतले. ११ एप्रिल १९६५ रोजी, जॉन्सन लहानपणी ज्या एकखोली शाळेत गेले होते तिच्याबाहेर टेबल मांडून, शेजारी आपल्या पहिल्या बाईंना बसवून त्यांनी सही केली. याच कायद्यातले पहिले कलम म्हणजे 'टायटल वन' : गरीब मुले जास्त असतील त्या शाळांना केंद्राचा जादा पैसा. आजही आपल्या गावच्या एखाद्या शाळेला 'टायटल वन स्कूल' म्हणतात ते यामुळे.

या पैशाला अट होती. आदल्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे वंशभेद पाळणाऱ्या संस्थेला केंद्राचा डॉलर मिळणार नव्हता. सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्येच वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या; तरी दहा वर्षांनंतरही दक्षिणेत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी काळी मुले शंभरात दोन-तीनच्या वर नव्हती. जे काम निकालाने झाले नाही ते अनुदान बंद होण्याच्या भीतीने आणि कोर्टाच्या पुढच्या आदेशांनी पाच-सहा वर्षांत बरेचसे झाले.

८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसरी सही झाली, उच्च शिक्षण कायद्यावर. जागा पुन्हा मुद्दाम निवडलेली : सॅन मार्कोसचे जॉन्सन यांचे स्वतःचे कॉलेज, जिथे त्यांनी झाडलोटीची कामे करून शिक्षण घेतले होते. गरजू विद्यार्थ्यांना अनुदान, बँकेच्या कर्जाला सरकारची हमी, आणि कॉलेजातच काम देऊन पैसे मिळवण्याची वर्षभर आधी सुरू झालेली सोय, असे सगळे एकत्र आले. या शेवटच्या सोयीला इथे 'वर्क-स्टडी' म्हणतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'त वाढलेल्या माणसाला ती नवी वाटणार नाही.

या दोन सह्यांच्या मध्ये, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी आणखी एक सही केली : स्थलांतराच्या कायद्यावर. त्याआधी भारताचा वार्षिक कोटा होता अवघा १००. नव्या कायद्याने देशवार कोट्याची ती पद्धत गेली आणि शिकलेल्या, कसबी माणसांना वाट मिळाली. आपल्या मंडळांचे जे ज्येष्ठ सभासद आहेत ते बहुतेक सगळे या सहीचे पाहुणे. म्हणजे एकाच काँग्रेसने, एकाच वर्षात, आपल्याला दार उघडले आणि आपल्या मुलांच्या कॉलेजचे गणितही घालून ठेवले.

पण आलेली पिढी त्या गणितातून गेलीच नव्हती. त्यांच्या पदवीचा बराचसा खर्च दुसऱ्याच सरकारने उचलला होता. पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज, व्हीजेटीआय, ग्रँट मेडिकल, पवईची आय. आय. टी. इथली फी नाममात्र होती, आणि ज्यांना तीही जड होती त्यांच्यासाठी महाराष्ट्रात ई.बी.सी.ची सवलत होती. तो उत्पन्नाचा दाखला, ती तलाठ्याची सही अनेकांना आठवत असेल. इथे येऊन एम. एस. किंवा पीएच. डी. केले तेही बहुधा असिस्टंटशिपवर, आणि ती असिस्टंटशिप पुष्कळदा प्राध्यापकाला मिळालेल्या केंद्राच्या संशोधन-अनुदानातून. 'आम्ही स्वतःच्या हिमतीवर शिकलो' असे आपण मुलांना सांगतो. हिंमत खरीच, पण फी भरली होती दोन देशांच्या करदात्यांनी.

शाळांच्या पैशाचे पुढे काय झाले ते टेक्ससमध्येच पाहू. इथे शाळा मुख्यतः गावच्या प्रॉपर्टी टॅक्सवर चालते, म्हणजे घरे महाग तिथली शाळा श्रीमंत. सॅन अँटोनिओ शहरातल्या एजवूड या गरीब मेक्सिकन वस्तीतल्या पालकांनी याविरुद्ध खटला भरला. दिमेत्रिओ रॉड्रिगेझ हे त्यातले पहिले नाव. खटल्यात पुढे आलेले आकडे बोलके होते. एजवूडला दर मुलामागे स्थानिक करातून २६ डॉलर मिळत, आणि त्याच शहरातल्या श्रीमंत अलामो हाइट्सला ३३३ डॉलर. गंमत अशी की कराचा दर एजवूडचा जास्त होता! राज्याने दोघांना जवळपास सारखेच दिले : २२२ आणि २२५. केंद्राने मात्र एजवूडला १०८ आणि अलामो हाइट्सला ३६ डॉलर दिले. सगळे मिळून ३५६ आणि ५९४. म्हणजे 'टायटल वन'सारख्या योजनांचा पैसा बरोबर गरिबाच्या दारी पोचत होता, पण दरी त्याच्या कितीतरी पट रुंद होती. १९७३ साली सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की शिक्षण हा केंद्रीय घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, त्यामुळे ही विषमता घटनाबाह्य ठरत नाही. त्यानंतर लढाई एकेका राज्याच्या कोर्टात गेली. आपण स्कूल डिस्ट्रिक्ट बघून घर घेतो, ते या निकालाने जशीच्या तशी ठेवलेल्या व्यवस्थेत. आपल्या मुलांना ती फायद्याची ठरली, हे मोकळेपणाने मान्य केलेले बरे. आजही देशाच्या शालेय खर्चात केंद्राचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच असतो.

कॉलेजच्या बाबतीत १९७२ हे वर्ष महत्त्वाचे. अनुदान कॉलेजांना द्यायचे की विद्यार्थ्याला, असा वाद होता. कॉलेजांना अर्थातच पैसा आपल्या तिजोरीत हवा होता. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबर्न पेल यांनी आग्रह धरला की तो विद्यार्थ्याच्या नावावर असावा, त्याने तो हव्या त्या कॉलेजात न्यावा. हीच पुढची पेल ग्रँट. पहिल्या वर्षी कमाल रक्कम होती ४५२ डॉलर. १९७५-७६ पर्यंत ती इतकी वाढली की सरकारी कॉलेजातल्या राहण्या-जेवण्यासकट खर्चाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग तीत निघे. २०२३ पासून तिची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर राहिली, आणि तसल्याच कॉलेजच्या खर्चाचा एक-तृतीयांशही त्यात निघत नाही.

ही घसरण एका दिवसात झाली नाही आणि एका पक्षाने केली असेही नाही. न्यूयॉर्कचे सिटी कॉलेज १८४७ पासून मोफत होते. शहराचे दिवाळे वाजायची वेळ आली तेव्हा, १९७६ मध्ये, तिथे फी सुरू झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने गव्हर्नर रेगन यांच्या काळात, १९७० मध्ये, 'शैक्षणिक शुल्क' या नावाखाली हळूच फी आणली. मंदी आली की राज्ये आधी विद्यापीठांचे अनुदान कापत, कारण तुरुंग आणि दवाखान्यांना फी लावता येत नाही, कॉलेजला येते. वॉशिंग्टन एका हाताने देत होते आणि राज्ये दुसऱ्या हाताने काढून घेत होती. रेगनचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट १९८७ मध्ये म्हणाले की सरकार मदत वाढवते म्हणूनच कॉलेजे फी वाढवतात. नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांच्या बाबतीत याला बराच पुरावा मिळाला. साध्या सरकारी कॉलेजांना ते तितके लागू पडत नाही.

मधली जागा भरली कर्जाने. १९६५ मध्ये कर्ज ही मध्यमवर्गाची सोय होती. १९८० नंतर ती सगळ्यांची गरज झाली. १९८० मध्ये पालकांच्या नावाचे 'प्लस' कर्ज आले, १९९२ मध्ये कोणालाही मिळणारे, शिकत असतानाच व्याज चढणारे कर्ज आले आणि त्याच कायद्यातून आपला तो फाफ्साचा फॉर्मही आला. १९९८ मध्ये आणखी एक बदल झाला ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही : दिवाळे काढले तरी सरकारी विद्यार्थी-कर्ज जवळजवळ कधीच माफ होणार नाही. जुगाराचे कर्ज दिवाळ्यात बुडवता येते, कॉलेजचे नाही. आज सुमारे सव्वाचार कोटी माणसांच्या डोक्यावर १.६ लाख कोटी डॉलरहून अधिक केंद्रीय कर्ज आहे.

शाळांकडे वॉशिंग्टन पुन्हा वळले ते २००२ मध्ये. ८ जानेवारीला धाकट्या बुशने 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड'वर सही केली. बरोबर डेमोक्रॅट टेड केनेडीही होते. आपल्यातल्या अनेकांची मुले तेव्हा तिसरी ते आठवीत होती, त्यामुळे दर वर्षीच्या त्या परीक्षा घरोघरी ठाऊक आहेत. यात एक चांगली गोष्ट होती : शाळेची सरासरी दाखवून भागणार नव्हते. काळी, हिस्पॅनिक, गरीब, अपंग, इंग्रजी न येणारी मुले, सगळ्यांचे निकाल वेगवेगळे जाहीर करावे लागत. झाकलेले उघडे पडले. पण २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले 'प्रवीण' झाली पाहिजेत, हे ध्येय ठरवणाऱ्यांपैकी कोणी वर्गात उभे राहून शिकवले नसावे. प्रवीण म्हणजे काय ते राज्यांनीच ठरवायचे असल्याने काहींनी पट्टीच खाली आणली. अटलांटात तर शिक्षकच उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त करू लागले. २०११ च्या राज्याच्या चौकशीत ४४ शाळांतली १७८ माणसे सापडली. चौथीच्या गणितात सुधारणा दिसली, वाचनात फारशी नाही. शेवटी डिसेंबर २०१५ मध्ये ओबामांनी नव्या कायद्यावर सही करून बराचसा अधिकार राज्यांना परत दिला.

ओबामांचा स्वतःचा प्रयोगही पैसा-आणि-अट याच जातीचा होता : मंदीच्या पॅकेजमधले ४.३५ अब्ज डॉलर बाजूला काढून राज्यांत स्पर्धा लावायची. पहिल्या फेरीत फक्त डेलावेअर आणि टेनेसी जिंकले. मला त्यांचे २०१० चे काम जास्त मोलाचे वाटते. तोवर बँका विद्यार्थ्यांना कर्ज देत, व्याज घेत आणि बुडले तर सरकार भरून देई. हा मधला दलाल त्यांनी काढला. कम्युनिटी कॉलेज मोफत करण्याची २०१५ ची कल्पना मात्र काँग्रेसमध्ये अडली.

उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता आणि दहा वर्षे सार्वजनिक सेवा केली तर उरलेले कर्ज माफ, या २००७ च्या तरतुदी कागदावर उत्तम होत्या. पण २०१८ मध्ये माफीचे पहिले अर्ज तपासले तेव्हा शंभरातले नव्व्याण्णव फेटाळले गेले. नियम इतके किचकट. पुढे ते सुधारले. २०२२ मध्ये बायडन यांनी १० ते २० हजार डॉलरपर्यंतची सरसकट माफी जाहीर केली, ती सुप्रीम कोर्टाने ३० जून २०२३ रोजी रद्द केली. फाफ्सा सोपा करण्याचा कायदा २०२० चा. नवा फॉर्म डिसेंबर २०२३ च्या अखेरीस आला आणि कित्येक महिने नीट चालेना. त्यात दोन मुले एकाच वेळी कॉलेजात असली की मिळणारा हिशेबातला दिलासाही गेला. मार्च २०२५ मध्ये तर ट्रम्प यांनी १९७९ च्या कायद्याने स्थापन झालेले शिक्षण खातेच बंद करण्याच्या दिशेने आदेश काढला, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी पदव्युत्तर 'प्लस' कर्ज थांबवले. मेडिकलसारख्या शिक्षणाला केंद्रीय कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर, पालकांच्या कर्जाला एका मुलामागे एकूण ६५,०००. ज्यांची मुले मेडिकलला जाणार आहेत त्यांनी हे आकडे कुठेतरी लिहून ठेवावेत.

आपल्या मंडळात आणखी एक गट आहे ज्याच्याबद्दल या सगळ्या इतिहासात फारसे काही सापडत नाही. एच-१ वर आलेल्या आई-बापांची एच-४ वरची मुले. शाळा त्यांना मोफत, टायटल वनचे शिक्षक, मोफत पुस्तके, सगळे मिळते. अठराव्या वर्षी फाफ्साचा दरवाजा बंद, कारण पेल ग्रँट काय किंवा सरकारी कर्ज काय, ग्रीन कार्डाशिवाय त्यांना मिळत नाही. इन-स्टेट फी बऱ्याच राज्यांत मिळते, पण एकविसाव्या वर्षी एच-४ संपून एफ-१ घ्यावा लागला की कित्येक ठिकाणी तीही जाते आणि परदेशी विद्यार्थ्याचे बिल येते. भले ते मूल दुसऱ्या वर्षापासून याच गावात वाढलेले असो. १९९० च्या कायद्याने कोणत्याही एका देशाला ग्रीन कार्डांपैकी ७ टक्क्यांपेक्षा जास्त मिळणार नाहीत असे ठरले, म्हणून भारतीयांची रांग मुलांच्या वयापेक्षा लांब झाली. या मुलांसाठीचे विधेयक काँग्रेसमध्ये २०२१ आणि २०२३ मध्ये मांडले गेले. दोन्ही वेळा ते मंजूर झाले नाही.